न घेतलेले ऋण

घेतलेले ऋण फेडावे, ही गोष्ट आपल्याकडे कोणास शिकवावी लागत नाही. मनुष्य जन्मास येतो तोच देवऋण, ऋषिऋण व पितृऋण माथ्यावर घेऊन येतो, अशी आपली पूर्वापार श्रद्धा आहे. त्यामुळे देणे बुडविणे हा व्यवहारातील गुन्हा तर खराच, परंतु त्याहूनही तो एक प्रकारचा अशौच आहे, असे आपल्या मनाने घेतले आहे. एक वेळ उपाशी राहू, पण वाण्याच्या वहीत आपले नाव राहू देणार नाही, असे म्हणणारी माणसे बेळगाव-निपाणीच्या प्रत्येक गल्लीत आजही आढळतात. ही वृत्ती समाजाचे भूषण होय. आपल्या भागातील पतसंस्था, विकास सोसायट्या व महिलांचे बचत गट ज्या विश्वासावर उभे आहेत तो विश्वास याच वृत्तीतून आलेला आहे. परंतु हल्ली काही लोकांनी नेमका हाच सद्गुण हेरून त्यावर आपले पोट भरण्याचा धंदा आरंभिला आहे. म्हणून या अंकात त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

गेल्या मार्गशीर्षातील गोष्ट. दुपारची आरती होऊन गाभाऱ्याचे दार लोटले होते. सभामंडपात आपल्या सभासद कुटुंबांपैकी एक वृद्ध बाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांना सारेजण मावशी म्हणतात. आम्हीही येथे तेवढेच म्हणू. त्यांचे यजमान निपाणीस तंबाखूच्या एका वखारीत दिवाणजी होते. त्यांना जाऊन सात वर्षे झाली. मावशींनी पुजाऱ्यांच्या पत्नीस हळूच विचारले, "पाटल्या गहाण ठेवायच्या झाल्या तर कुठं बरं ओ? चार माणसांत कळायला नको." विचारणाऱ्या बाईंच्या मनगटातल्या पाटल्या गेल्या चाळीस वर्षांत कोणी उतरलेल्या पाहिल्या नव्हत्या. पुजारीणबाईंनी त्यांना पाणी दिले, जवळ बसवून घेतले, आणि मग हळूहळू सारा प्रकार बाहेर आला.

सकाळी नऊच्या सुमारास त्यांना दूरध्वनी आला होता. बोलणारा अर्धा हिंदी, अर्धा मराठी बोलत होता. आपण बँकेच्या कायदा विभागातून बोलत आहोत, तुमच्या यजमानांनी मृत्यूपूर्वी काढलेले कर्ज थकले असून व्याजासह ते दोन लाख चाळीस हजार झाले आहे, न्यायालयातून वॉरंट निघाले आहे व सायंकाळपर्यंत पोलीस दारात येतील, असे त्याने सांगितले. यजमानांचे पूर्ण नाव, घराचा पत्ता, आधार कार्डाचे शेवटचे चार अंकही त्याने बिनचूक सांगितले. मावशी रडू लागल्या तेव्हा त्याचा स्वर मवाळ झाला. "तुमचे वय पाहून साहेबांनी सवलत दिली आहे; आज अडतीस हजार भरले तर प्रकरण मिटेल. मात्र प्रकरण न्यायालयात आहे, कोणाशी बोलू नका, बोललात तर सवलत रद्द होईल." एवढे सांगून त्याने एक खाते क्रमांक पाठविला.

"तुम्ही मुलाला का नाही कळविले?" असे आम्ही विचारले. मुलगा पुण्यास नोकरीला आहे. मावशींचे उत्तर आम्ही विसरू शकत नाही. त्या म्हणाल्या, "माणूस गेला आणि मागं कर्ज बुडवून गेला, असं लेकाच्या कानावर मी कशी घालू? वर गेलेल्या जीवाला ते लागंल की."

या एका वाक्यात सारा प्रश्न आला आहे. मावशी लोभाने फसत नव्हत्या. लॉटरी लागली, बक्षीस मिळाले, दुप्पट पैसे होतील, अशा आमिषाला बळी पडणाऱ्यांना आपण सहज दोष देतो. येथे आमिष कसलेच नव्हते. पतीच्या नावावर डाग राहू नये, त्यांच्या आत्म्यास गती मिळावी, म्हणून ही बाई आपले सौभाग्यलेणे विकावयास निघाली होती. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की, कोणी देणे मागावयास आला असता "हे देणे माझे आहे हे दाखव" असे त्यास विचारणे हा अधर्म आहे काय? पुष्कळ सज्जनांना तसे मनातून वाटते. विचारले तर आपण बुडवे ठरू, वाद घातला तर आपली पत जाईल, असे त्यांना भय असते. या भयाची मुळे धर्मात आहेत असे त्यांस वाटते, म्हणून धर्मशास्त्र याविषयी काय सांगते ते आधी पाहू.

मनुस्मृतीत व्यवहाराची म्हणजे दाव्यांची अठरा पदे सांगितली आहेत व त्यांत पहिले पद ऋणादानाचे आहे. यावरून प्राचीनांनी या विषयास किती महत्त्व दिले ते दिसते. पण ऋण फेडलेच पाहिजे एवढे सांगून ते थांबले नाहीत. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ऋण कसे फेडावे याची जी रीत सांगितली आहे ती आजच्या कोणत्याही सावध कारकुनास शोभेल अशी आहे. ऋणकोने जसजशी रक्कम द्यावी तसतशी ती कर्जाच्या लेखाच्या पाठीवर लिहावी, अथवा धनकोने स्वहस्ताक्षराची पावती द्यावी. सर्व ऋण फिटले म्हणजे लेख फाडून टाकावा, अथवा फिटल्याचा दुसरा लेख करून घ्यावा. आणि जे ऋण साक्षीदारांसमक्ष घेतले असेल ते साक्षीदारांसमक्षच परत करावे. लेख, पावती व साक्षी, ही तिन्ही असल्याशिवाय व्यवहार शुद्ध होत नाही, असा याचा अर्थ. कागद मागणे हा अविश्वास किंवा उद्धटपणा आहे, असे स्मृतिकारांच्या मनातही आले नाही. उलट, खोटा दावा आणणाऱ्याने दाव्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून भरावी, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. म्हणजे खरे देणे नाकारणारा जसा दोषी, तसा नसलेले देणे मागणाराही दोषीच.

याच स्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा नावाची जी टीका लिहिली ती कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, म्हणजे आपल्याच कर्नाटकात, सुमारे नऊशे वर्षांपूर्वी झाली. पुढे हिंदुस्थानच्या फार मोठ्या भागात वारसाहक्काचा व कौटुंबिक ऋणाचा निवाडा या ग्रंथाच्या आधारे होत आला. बापाचे ऋण पुत्राने फेडणे हे पुत्राचे पवित्र कर्तव्य आहे, हा नियम त्या परंपरेतला. मावशींच्या मनात जो कळवळा होता त्याचे मूळ येथे आहे. मात्र त्या नियमासही मर्यादा होत्या. मद्यपान, जुगार व विषयभोग यांसाठी बापाने काढलेले ऋण आणि बापाच्या अंगावर राहिलेला दंड पुत्राने देण्याचे कारण नाही, असे याज्ञवल्क्याने म्हटले आहे. व्याजासही सीमा होती. मुदलाइतके व्याज झाले की त्यापुढे मागता येऊ नये, हा दामदुप्पटीचा नियम इंग्रजी अमदानीतही मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदूंच्या बाबतीत पाळीत असत. दूरध्वनीवर कोणीतरी वीस हजारांचे दोन लाख झाले म्हणून सांगतो, तेव्हा आपल्या आजोबांनी त्यास काय विचारले असते याचा विचार करण्यासारखा आहे.

आजचा कायदा तर आणखी स्पष्ट आहे. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली जी दुरुस्ती झाली तिच्या अन्वये, ९ सप्टेंबर २००५ नंतर काढलेल्या कर्जाबद्दल केवळ पवित्र कर्तव्याच्या आधारावर पुत्र, पौत्र अथवा प्रपौत्र यांच्यावर वसुलीचा हक्क कोणतेही न्यायालय मान्य करीत नाही. मृताचे खरोखरच देणे असेल तर ते त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेतून, आणि तेवढ्यापुरतेच, वारसांकडून वसूल होऊ शकते. विधवेच्या अंगावरचे स्वतःचे स्त्रीधन त्यात येत नाही. दिवाणी व्यवहार संहितेच्या कलम ५६ प्रमाणे तर पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीस दिवाणी कैदेत टाकताच येत नाही. पुरुषालाही केवळ गरिबीमुळे कर्ज फेडता आले नाही म्हणून तुरुंगात घालणे न्यायास धरून नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस यांच्या खटल्यात सांगून ठेविले आहे. सायंकाळपर्यंत पोलीस येतील या धमकीत किती पाणी होते ते यावरून समजेल.

येथे कोणी म्हणेल की कायद्याने सुटका झाली तरी मनाची सुटका होत नाही. हे आम्हांस मान्य आहे. साधारणतः तीन वर्षांनी पैशाच्या दाव्याची मुदत संपते, तरी पुष्कळ सत्शील माणसे दहा वर्षांपूर्वीचे उसने पैसे शोधीत जाऊन परत करतात, आणि ती तसे करतात म्हणून जग चालते. ज्याला तसे फेडावयाचे असेल त्याने अवश्य फेडावे. परंतु ते ज्याचे घेतले त्यास, त्याच्या पेढीवर जाऊन, पावती घेऊन. कोणा अनोळखी आवाजाने दिलेल्या खात्यात पैसे भरल्याने कोणाचेच ऋण फिटत नाही. चोराच्या घरी मात्र दिवा लागतो.

आपल्या महाराष्ट्राने कागदाचे महत्त्व फार मोठी किंमत देऊन ओळखले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, तेव्हा त्यांनी मुख्यतः कर्जरोखे मागून घेतले व ते जाळले. अक्षरशत्रू कुणब्याचा अंगठा कोणत्या मजकुराखाली उठला आहे हे त्याचे त्यालाच ठाऊक नसे, हे त्या दंग्यामागचे दुखणे होते. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला त्यात रोखे गावच्या नोंदणी कामगारासमक्ष व्हावेत, शेतकऱ्यास भरण्याची लेखी पावती मिळावी, मागेल त्यास हिशेबाचा उतारा व पासबुक मिळावे, अशी कलमे घातली गेली. तो कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. आपला बेळगाव जिल्हा त्यात नव्हता. पण पावतीचा हक्क आपल्याला कसा मिळाला हे आपण विसरू नये. ज्या हक्कासाठी पणजोबा तुरुंगात गेले तो हक्क पणतू दूरध्वनीवर दोन गोड शब्द ऐकून सोडून देतो, हे विचित्र आहे.

या संदर्भात तुकोबारायांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. त्यांच्या घरी महाजनकी होती, लोकांकडे देणी थकलेली होती. वैराग्य आल्यावर त्यांनी आपल्या वाट्याचे रोखे इंद्रायणीत बुडविले आणि धाकटे बंधू कान्होबा यांच्या वाट्याचे त्यांस देऊन टाकले, असे परंपरा सांगते. या कथेतील औदार्याचे वर्णन कीर्तनकार नेहमी करतात. आम्हांस त्यातील दुसरी गोष्टही तितकीच मोलाची वाटते. तुकोबांनी भावाचे रोखे बुडविले नाहीत. आपले काय व दुसऱ्याचे काय, याचा हिशेब त्या वैराग्याच्या क्षणीही त्यांनी चोख ठेविला.

आता हे खोटे वसुलीदार ओळखावे कसे, याविषयी. त्यांच्यापाशी आपले नाव, पत्ता व आधारचे आकडे असतात, त्यामुळे माणूस दचकतो. पण झेरॉक्सच्या दुकानापासून सिमकार्डाच्या टेबलापर्यंत आपण ही माहिती इतक्या ठिकाणी देऊन बसलो आहोत की ती ठाऊक असणे हा कसलाच पुरावा नव्हे. खऱ्या कर्जाचा कर्जखाते क्रमांक असतो, शाखा असते, मंजुरीची तारीख असते, व ही माहिती लेखी पाठविण्यास खरी बँक कधी नकार देत नाही. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर थकबाकीसाठी दूरध्वनी करण्यास वसुली अधिकाऱ्यांना मनाई केली आहे. मोबाइलच्या अॅपवरून दिलेल्या कर्जाचा हप्ता थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्याच खात्यात गेला पाहिजे, मध्ये तिसऱ्याचे खाते येता कामा नये, असाही तिचा दंडक आहे. आपल्या नावावर खरोखर कोणते कर्ज दिसते हे पाहावयाचे असेल तर सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. घरातील शिकलेल्या नातवाकडून तो काढून घ्यावा. कोणी क्यूआर कोड पाठवून तो दाबावयास सांगितले, ओटीपी विचारला, किंवा मोबाइलमध्ये एखादे अॅप उतरवून घ्यावयास लावले, तर पुढे एक अक्षरही बोलू नये. समोरच्याने दिलेल्या क्रमांकावर चौकशी करणे व्यर्थ होय. तो क्रमांकही त्याचाच असतो. पासबुकावर छापलेल्या क्रमांकावर विचारावे, किंवा सरळ शाखेत जावे. पैसे गेलेच असतील तर लाजून रात्र काढू नये. त्याच घटकेस १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर कळवावे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळण्यापूर्वी वर्दी गेली तर ते वाटेत गोठविता येतात. तक्रार निपाणीहून करा की कागलहून करा, क्रमांक एकच आहे, हद्दीचा प्रश्न येत नाही.

हद्दीवरून आठवले. आपण सीमाभागातील लोक दोन राज्यांच्या, दोन भाषांच्या सावलीत राहतो. आपल्या घरी येणारी सरकारी पत्रे कन्नडमध्ये असतात, बँकेची इंग्रजीत, आणि घरातील आजी-आजोबांना केवळ मराठी वाचता येते. न वाचता येणारा कागद मनुष्यास अधिक भिववितो. शिक्का व सिंह दिसला की तो खरा वाटू लागतो. व्हॉट्सअॅपवर आलेल्या अशाच एका बनावट नोटिशीवर कोल्हापूरच्या न्यायालयाचे नाव व बेंगळूरूचा पत्ता आम्ही पाहिला आहे! आपल्या मंदिरात कन्नड उत्तम वाचणारी मंडळी आहेत. शेजारच्या अण्णांना कागद दाखविण्यात कमीपणा कसला? पिढ्यानपिढ्या आपण एकमेकांची पत्रे वाचून दाखवीत आलो आहोत.

या धंद्याचे खरे शस्त्र गुप्तता हे आहे, आणि म्हणून आम्ही साक्षीविषयी वर एवढे लिहिले. "कोणाशी बोलू नका" असे जेथे सांगितले जाते तेथे व्यवहारातून साक्षीदार काढून टाकला जातो. साक्षीदार गेला की लेख व पावती यांची आठवण करून देणारे कोणी उरत नाही. उरतो तो आवाज आणि आपले भय. या भयाचा शेवट कोठवर जाऊ शकतो ते आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. खानापूर तालुक्यातील बीडी गावी २०२५ च्या मार्च महिन्यात ऐंशीच्या आसपासचे एक वृद्ध दांपत्य मृत्युमुखी पडले. दिल्लीचे अधिकारी आहोत असे भासवून दूरध्वनीवर कोणी त्यांच्यावर खोटा आळ घेतला, आणि त्यांच्याकडून पन्नास लाखांहून अधिक रुपये उकळले. तरीही मागणी थांबेना, तेव्हा दोघांनीही जीवन संपविले. मृत्यूपूर्वीच्या चिठ्ठीत यजमानांनी मित्रांकडून उसने घेतलेल्या पैशांचा उल्लेख केला होता व पत्नीचे सोने विकून ते फेडावे असे लिहिले होते, अशी बातमी त्या वेळी वृत्तपत्रांत आली. खोट्या मागणीपुढे ज्यांचा प्राण गेला त्यांना शेवटच्या घटकेसही खऱ्या देण्याची चिंता होती. ती बातमी वाचून आमच्या घरी त्या रात्री कोणी जेवले नाही. ज्या घरात अशा भयाची छाया पडली असेल त्यांनी १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलावे. तेथे आपल्या भाषेतही ऐकून घेतात.

पण दोष केवळ त्या वृद्धांच्या मौनास देऊन चालणार नाही. घरातील वडील माणसे का बोलत नाहीत? कारण आपण त्यांस बोलू देत नाही. "एवढे कसे कळले नाही?", "वय झाले, आता मोबाइल वापरू नका", हे शब्द जेथे नित्य कानी पडतात तेथे फसलेला मनुष्य पुढच्या वेळी अधिक गुप्तपणे फसतो. फसवणुकीचे पाप फसविणाऱ्याचे आहे. घरच्यांनी त्याची रागदारी फसलेल्यावर आळविणे हा शुद्ध अन्याय होय. आम्ही स्वतः दोन वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या बंधूंस अशाच एका प्रसंगी चार शब्द लागतील असे बोललो होतो. त्यांनी त्यानंतर आठ महिने आम्हांस आपला मोबाइल दाखविला नाही. चूक आमची होती.

याची दुसरी बाजूही आहे व ती अधिक बोचरी आहे. ज्यांनी खरोखर कर्ज काढले आहे त्यांना अपमानित करून वसुली करण्याचे प्रकार आपल्या भागात थोडे झालेले नाहीत. विडी कामगार बायांच्या गटांना आठवड्याच्या हप्त्यासाठी दारात येऊन काय काय ऐकावे लागते, हे निपाणीत कोणास सांगावयास नको. अशा जाचास आळा घालण्यासाठी कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये वटहुकूम काढला व त्यात दहा वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा ठेविली. खऱ्या वसुलीदारांची जीभ सैल सुटली म्हणूनच खोट्या वसुलीदाराची शिवी खरी वाटू लागली, असे आमचे स्पष्ट मत आहे. सभ्यपणे देणे मागण्याची रीत सर्वत्र असती तर धमकी ऐकताच लोक म्हणाले असते, हा कोणी भामटा दिसतो.

आणि दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकास कोण बसलेले असते? ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथे मोठी बनावट कॉल सेंटरे उघडकीस आणली. तेथील मुले-मुली अमेरिकेतील लोकांना दूरध्वनी करून आपण तेथील कर खात्याचे अधिकारी आहोत, तुमचा कर थकला आहे, त्वरित भरा नाही तर अटक होईल, असे सांगत असत. म्हणजे मावशींना जे सांगण्यात आले तेच, केवळ इंग्रजीत. त्यापूर्वी २०१२ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने असाच एक दावा लावला होता. हिंदुस्थानातून दूरध्वनी करून, न घेतलेल्या अथवा त्या धनकोचे नसलेल्या कर्जापोटी पन्नास लाख डॉलरांहून अधिक रक्कम लोकांकडून काढल्याचा तो आरोप होता. फार लांब जावयास नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या बेळगाव शहरातच पोलिसांनी अमेरिकेतील लोकांना गंडविणारे कॉल सेंटर पकडले व तिसाहून अधिक जणांना अटक केली. त्यांत इतर राज्यांतून आलेले तरुण पुष्कळ होते. कोणाची तरी लेकरे ती. घरी आई-बापांना ती "कंपनीत नोकरी आहे" असे सांगत असतील, आणि आई-बाप देवापुढे पेढे ठेवीत असतील.

आपली मुले त्यांत नाहीत असे आपण म्हणू. परंतु "तुझे बँक खाते दोन महिने वापरावयास दे, पाच हजार देतो" असे सांगणारे लोक कॉलेजच्या कट्ट्यावर येतात, हे आम्ही मंदिरातील युवकांच्याच तोंडून ऐकले आहे. मावशींना जो खाते क्रमांक पाठविला गेला तो अशाच कोणा मुलाचा असणार. ज्याने खाते दिले त्याने मावशींना पाहिलेले नाही, त्यांच्याशी तो एक शब्दही बोललेला नाही, तो केवळ भाडे खातो. त्यास पाप लागते काय? चोरीचा माल ठेवून घेणारा चोरच, हे आपण भांड्यांच्या बाबतीत मानतो आणि खात्याच्या बाबतीत मात्र कचरतो. घरात तरुण मुले असलेल्या प्रत्येक कुटुंबाने एकदा जेवणाच्या पानावर हा विषय काढावा, अशी आमची विनंती आहे. मुलाच्या हाती एकाएकी नवा मोबाइल दिसला तर पैसे कोठून आले हे विचारण्याचा संकोच धरू नये.

मावशींचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. त्या दुपारी दूरध्वनी पुन्हा वाजला. आमच्यापैकी एकाने तो मावशींच्याच हाती ठेवला व त्यांस शिकविले तसे त्या बोलल्या: "कागद पाठवा, शाखेचं नाव सांगा, मी तिथं येऊन भरते. पावती द्या." पलीकडून आधी शिव्या आल्या, मग आवाज बंद झाला. सायंकाळी पोलीस आले नाहीत. पुण्याहून मुलगा मात्र रातोरात आला. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून यजमानांची जुनी लोखंडी पेटी उघडली. तीत त्यांनी सोसायटीकडून काढलेल्या एकमेव कर्जाचा बेबाकी दाखला होता, शिक्क्यानिशी, नीट घडी घालून पिशवीत ठेवलेला. शेवटच्या हप्त्याची पावती त्यास टाचलेली होती. दिवाणजीचाच हात तो.

त्याच पेटीत वहीचे एक पान निघाले. गल्लीतील एका किराणा दुकानदाराकडून आजारपणात घेतलेले सहाशे रुपये देणे, अशी त्यावर यजमानांच्या हातची नोंद होती. दुकानदारही आता हयात नाहीत. मावशी मुलाला घेऊन त्यांच्या चिरंजीवांकडे गेल्या. त्यांच्याकडे कसलीच नोंद सापडेना व ते पैसे घेईनात. "मावशी, अप्पांनी हे कधी सांगितलं नाही, मी कसे घेऊ?" असे ते म्हणू लागले. बराच वेळ दोघांची अशी ओढाताण चालली. शेवटी दोघेही मंदिरात आले व ते सहाशे रुपये नंदादीपाच्या तेलासाठी जमा करण्यात आले. पावती कोणाच्या नावे करावी यावर पुन्हा वाद झाला. तेव्हा आमच्या खजिनदारांनी त्या मृत दुकानदारांच्या नावे पावती फाडली आणि तिच्या पाठीवर यजमानांचे नाव लिहून ती मावशींच्या हाती दिली.